उघड्यावरची आग आणि शहराचा कायदा : प्रस्तावना

रस्त्याच्या कडेला, सोसायटीच्या मागच्या अंगणात, रिकाम्या भूखंडावर किंवा नाल्याच्या काठी साचलेल्या कचऱ्याच्या ढिगाला काडी लावणे ही गोष्ट महाराष्ट्रातील शहरांत इतकी सवयीची आहे की तिला कायद्याने मनाई आहे हे पुष्कळांच्या गावीही नसते. ज्यांना ते ठाऊक असते त्यांनाही ही मनाई नेमकी कोणी केली, कोणत्या अधिकाराने केली आणि तिची हद्द कुठे संपते हे सहसा सांगता येत नाही. प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही मनाई हा आहे. ‘उघड्यावर जाळणे’ या शब्दांनी येथे असे ज्वलन अभिप्रेत आहे, की ज्याचा धूर धुराड्यातून वर न जाता थेट माणसांच्या उंचीवरच्या हवेत मिसळतो आणि ज्यात काय जळते, किती हवा मिळते आणि तापमान किती चढते यांपैकी कशावरच कोणाचे नियंत्रण नसते. झाडलोटीनंतर जाळलेला पालापाचोळा, घरगुती कचऱ्याचा ढीग, तांबे काढण्यासाठी जाळलेल्या वायरी, थंडीतील टायरांची शेकोटी आणि क्षेपणभूमीवर आठवडाभर धुमसणारी आग ही सगळी या एकाच व्याख्येत येतात, जरी त्यांना काडी लावणारे हात आणि त्यामागची कारणे फार वेगवेगळी असली तरी.

या नियमांचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. जाळण्यास केलेली मनाई ही वरवर पाहता नागरिकाला केलेली आज्ञा असली, तरी ती आज्ञा पाळता यावी म्हणून कोणीतरी तो कचरा वेळेवर उचलून नेला पाहिजे हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. जिथे घंटागाडी रोज येते तिथे ढीग साचत नाही आणि आगही सहसा लागत नाही. जिथे ती येत नाही तिथे आग हीच कचरा नाहीसा करणारी एकमेव यंत्रणा होऊन बसते. म्हणून या विषयावरील कायदा नागरिकाच्या कर्तव्याइतकाच, किंबहुना काही ठिकाणी त्याहून अधिक, महापालिकेच्या कर्तव्याचा कायदा आहे, आणि पुढील सर्व विवेचन याच भूमिकेतून केलेले आहे.

आगीकडे स्वच्छतेचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी जुनी आहे आणि तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. कोकणात भातरोपांसाठी जमीन तयार करताना तिच्यावर झाडांच्या फांद्या, पाला, गवत व शेण यांचा थर पसरून तो पेटवतात. या थराला ‘राब’ म्हणतात, आणि त्यामागे तणांचे बी मारावे व राखेचे खत मिळावे असा शेतीचा स्वतंत्र हिशेब असतो. गावच्या घरी राख भांडी घासायला लागे, उकिरड्यावरचे शेणमूत शेतात जाई, आणि जाळण्याजोगे जे उरे ते बहुतेक काडीकचरा व चिंध्या एवढेच असे. शहराच्या कारभारानेही हीच दृष्टी वापरलेली आहे. 1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला, तेव्हा रोग्यांच्या घरांतील अंथरुणे, कपडे व सामान सरकारी आदेशाने जाळण्यात आले. त्या मोहिमेतील जबरदस्तीच्या कटू आठवणी महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात कायमच्या कोरल्या गेल्या आहेत. आग म्हणजे शुद्धी, ही समजूत त्या काळी सत्तेची आणि वैद्यकाचीही होती. धुराविरुद्ध कायदा आला तोही कचऱ्यासाठी नव्हे. 1912 च्या मुंबई धूर उपद्रव अधिनियमाचा रोख गिरण्यांच्या व कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता, कारण तेव्हाच्या शहराला धूर दिसत होता तो धुराड्यांचा.

गंमत अशी नव्हे तर शोकांतिका अशी, की ज्या रोगाच्या भयाने शहरात सामान जाळले गेले, त्याच रोगाच्या नावाने जवळपास शंभर वर्षांनी कचऱ्याचा प्रश्न पुन्हा देशासमोर उभा राहिला. 1994 साली सुरतेत प्लेगची साथ आली, भारतीय शहरांच्या कचऱ्याच्या स्थितीकडे सगळ्यांचे लक्ष वेधले गेले, आणि 1996 साली अल्मित्रा पटेल यांनी या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने नेमलेल्या असीम बर्मन समितीने 1999 मध्ये अहवाल दिला व त्यातून 2000 सालचे नागरी घनकचरा नियम जन्माला आले. त्या नियमांनी कचरा व वाळलेली पाने जाळू नयेत असे स्पष्ट शब्दांत सांगितले. पालापाचोळ्याचा नावानिशी उल्लेख होणे ही साधी बाब नव्हती, कारण पाने म्हणजे कचरा नव्हे आणि ती जाळल्याने काही बिघडत नाही ही समजूत आजही घट्ट आहे.

ती समजूत का टिकत नाही हे समजण्यासाठी ज्वलनाची प्रक्रिया थोडी तपशिलाने पाहावी लागते. कोणताही सेंद्रिय पदार्थ पुरेशा प्राणवायूत आणि पुरेशा उष्णतेत पूर्णपणे जळला, तर त्यातून प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निघते. उघड्यावरच्या ढिगात मात्र वरचा थर भडकतो आणि आतला थर हवेवाचून धुमसत राहतो. ओलावा उष्णता खाऊन टाकतो आणि ज्वलन अर्धवट राहते. या अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ज्यांना ‘पीएम 2.5’ म्हणतात त्या कणांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या ते तिसाव्या हिश्श्याइतका. नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसांच्या टोकापर्यंत पोहोचतात आणि त्यांतील सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात. भारताच्या 2009 च्या मानकांनुसार या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमच्या आत असावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली मर्यादा फक्त 5 आहे. वाळक्या पानांचा धूर पांढरा व ओळखीच्या वासाचा असतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण दम्याच्या रोग्याला किंवा तान्ह्या बाळाला त्याचा रंग पाहून काहीच सवलत मिळत नाही.

शिवाय आजचा ढीग केवळ पानांचा राहिलेला नाही. त्यात पिशव्या, वेष्टने, थर्मोकोल, रंगवलेले लाकूड आणि पीव्हीसी हे क्लोरीनयुक्त प्लास्टिक असते. क्लोरीन असलेला पदार्थ कमी तापमानावर अर्धवट जळला की डायऑक्सिन या वर्गातील संयुगे तयार होतात. त्यांतील सर्वांत विषारी संयुगाला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1997 साली मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. ही संयुगे लवकर विघटन पावत नाहीत. ती मातीत बसतात, चाऱ्यातून जनावरांच्या चरबीत आणि तिथून दुधात येतात. दहनभट्टीत वायू किमान 850 अंश सेल्सिअसला सुमारे दोन सेकंद धरून ठेवावे लागतात ते यासाठीच, आणि रस्त्याकडेच्या ढिगाला अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. चिरकाल टिकणाऱ्या विषारी संयुगांविषयीच्या 2001 सालच्या स्टॉकहोम करारात कचरा उघड्यावर जाळण्याचा समावेश आहे तो याच कारणाने. हिवाळ्यात तर जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार अशी उलटी रचना पहाटेच्या वेळी होते. तापमानाच्या या विपरीततेमुळे धूर वर चढत नाही आणि पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात तो सकाळी फिरायला व शाळेला निघालेल्यांच्या वाट्याला येतो.

आता प्रत्यक्ष कायद्याकडे वळता येईल. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन हे विषय नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत मोडतात. 1981 च्या हवा प्रदूषण अधिनियमाने राज्य शासनाला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्याने, इंधनाखेरीज इतर कोणताही पदार्थ जाळण्यास अधिसूचनेद्वारे मनाई करण्याचा अधिकार दिला आहे. केंद्राचे कचराविषयक नियम 1986 च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली येतात. आणि या सर्वांच्या तळाशी, नागरिकाच्या सर्वांत जवळ, असतो तो ‘उपविधी’. विधिमंडळाने केलेला तो अधिनियम, त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार करते ते नियम, आणि त्याच अधिकारात महापालिका स्वतःच्या हद्दीपुरते जे करते ते उपविधी. मुंबईला तो अधिकार 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने मिळतो, राज्यातील इतर महापालिकांना 1949 च्या अधिनियमाने आणि नगरपरिषदांना 1965 च्या अधिनियमाने. उपविधी लहान असतो, पण रस्त्यावर पावती फाडली जाते ती त्याच्याच आधारे.

2016 साली आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना एका वर्षात असे उपविधी करण्यास, जागेवरच दंड आकारण्याचे निकष ठरवण्यास आणि रस्ते झाडणाऱ्यांनी पाने न जाळता वेगळी साठवून सोपवावीत असे निर्देश देण्यास सांगितले. कचरा निर्माण करणाऱ्याने तो रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरील सार्वजनिक मोकळ्या जागेत, गटारात किंवा जलाशयात टाकू, जाळू वा पुरू नये असा त्या नियमांचा मुख्य निर्बंध होता. येथे एक बारकावा आहे आणि त्यावर थांबणे आवश्यक आहे. ‘आपल्या आवाराबाहेरील’ या शब्दांचा आधार घेऊन, स्वतःच्या कुंपणाच्या आत जाळल्यास हरकत नाही, असा अर्थ अनेक सोसायट्यांनी आणि बंगलेवाल्यांनी सोयीने काढला. कचरा टाकणे आणि पुरणे या क्रियांच्या बाबतीत आवाराची भिंत ही खरोखर सीमा असू शकते. जाळण्याच्या बाबतीत ती सीमा नाही, कारण ज्या क्षणी धूर भिंतीवरून पलीकडे जातो त्या क्षणी ती खाजगी कृती राहत नाही. नियमाच्या शब्दरचनेतील ही फट 22 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अल्मित्रा पटेल प्रकरणात दिलेल्या आदेशाने बुजवली. जमिनीवर, क्षेपणभूमीसह, कचरा उघड्यावर जाळण्यास त्या आदेशाने संपूर्ण मनाई केली आणि साध्या प्रकारासाठी 5,000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास 25,000 रुपये पर्यावरणीय भरपाई ठरवली.

भरपाई आणि दंड यांतील फरक येथे सांगितला पाहिजे. दंड ही शिक्षा असते. पर्यावरणीय भरपाई ही, ज्याने हवा बिघडवली त्याने ती बिघडवल्याचा खर्च सोसावा या तत्त्वातून येते, आणि न भरल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही भरपाई ज्यांच्याकडून घ्यायची त्यांत न्यायाधिकरणाने प्रकल्पचालक, ठेकेदार आणि खुद्द नागरी स्थानिक संस्था यांचा नाव घेऊन समावेश केला. महापालिकेच्या जागेत लागलेल्या आगीचा जाब महापालिकेनेही द्यावा, ही गोष्ट महाराष्ट्रातील जाहीर फलकांवर क्वचितच वाचायला मिळते. तिथे फक्त नागरिकाला दटावलेले असते. मुंबईत उपविधींखालील दंड तर दीर्घकाळ अवघा 100 रुपये होता आणि तो अलीकडेच 1,000 रुपयांवर नेण्यात आला. ढीग उचलायला गाडी भाड्याने आणण्यापेक्षा पावती फाडून घेणे स्वस्त पडत असेल, तर तो दंड म्हणजे जाळण्याचे शुल्क ठरते.

महापालिकेच्या जबाबदारीचा हा धागा 1980 सालच्या रतलाम नगरपालिका प्रकरणापर्यंत मागे जातो. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी सांगितले की नागरिकांना उघडी गटारे व घाण यांतून सोडवणे हे नगरपालिकेचे वैधानिक कर्तव्य आहे आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब त्या कर्तव्यातून सुटका देत नाही. तो निर्णय उपद्रव दूर करण्याच्या दंडाधिकाऱ्याच्या अधिकारावर आधारलेला होता. तीच तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे, आणि हवा आरोग्याला घातक होईल अशी दूषित करण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 280 मध्ये. महाराष्ट्रात आणखी एक कायदा या कामी येतो, ज्याची आठवण फारशी कोणाला होत नाही. 1975 च्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण अधिनियमात ‘वृक्ष तोडणे’ या संज्ञेत तो जाळणे व त्याला इजा पोहोचवणे यांचाही अंतर्भाव केलेला आहे. रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्याशीच पाने गोळा करून पेटवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात साल भाजते, वरची मुळे करपतात आणि काही वर्षांत झाड आतून पोकळ होऊन पावसाळ्यात कोसळते; अशा आगीला हा अधिनियम थेट लागू पडतो.

पण काडी लावणारा कोण, हा प्रश्न उरतोच. माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली की मोठ्या वृक्षांच्या रस्त्यांवर एका सकाळीत पोत्यांनी पाने जमतात. पाने वजनाला हलकी आणि आकाराने अवाढव्य असतात. गाडी भरते पण काटा हलत नाही, आणि जिथे ठेकेदाराला मोबदला वजनावर मिळतो तिथे पाने उचलणे हा त्याच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार होतो. मुकादमाने ठरवून दिलेला रस्ता वेळेत स्वच्छ दिसला पाहिजे, गाडी येणार नाही हे अनुभवाने ठाऊक आहे, आणि ढीग तसाच ठेवला तर वारा तो पुन्हा पसरवणार. अशा स्थितीत झाडूवाली बाई काडी ओढते. पहिला धूर तिच्या छातीत जातो आणि नियम मोडल्याचा ठपकाही तिच्यावरच येतो. तिच्या हातातली काडी काढून घ्यायची असेल तर पानगळीच्या त्या सहा-आठ आठवड्यांपुरती वेगळी गाडी, ढीग ठेवायला प्रभागात जाळीचा पिंजरा आणि उद्यानांतच कंपोस्टची सोय, एवढे तरी आधी उभे राहावे लागते. पुण्यात 2016 पासून ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने वाळकी पाने ज्यांच्याकडे साचतात आणि ज्यांना बागेसाठी हवी असतात अशा लोकांची गाठ घालून दिली, तेव्हा ज्याला कचरा म्हटले जात होते त्याला मागणी असल्याचे दिसून आले. पुण्यातीलच ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे दारोदार संकलन हाही याच अर्थाने हवेच्या रक्षणाचा भाग आहे, जरी त्याची गणना त्या खात्यात कोणी करत नसले तरी.

क्षेपणभूमीवरील आग हा मात्र वेगळ्या मोजमापाचा प्रश्न आहे. मिसळलेला ओला कचरा थरांखाली हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो, आणि वरच्या एका ठिणगीने आत खोलवर पसरणारी, पाण्याने सहज न विझणारी आग लागते. 1927 पासून वापरात असलेल्या देवनार क्षेपणभूमीवर जानेवारी 2016 च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था होत नाही म्हणून शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. देवनारच्या भोवती गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांत राहणाऱ्या माणसांनी त्या धुरात जे दिवस काढले, ते साऱ्या शहराच्या कचऱ्याच्या वाट्याचे होते. ऑक्टोबर 2023 मध्ये हवेची स्थिती बिघडल्यावर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत क्षेपणभूमींसह सर्व हद्दीत कचरा जाळण्यास पुन्हा बंदी करण्यात आली. एकच बंदी वेगवेगळ्या वर्षी पुनःपुन्हा जाहीर करावी लागणे ही तिच्या अंमलबजावणीविषयीची पुरेशी बोलकी नोंद आहे.

अंमलबजावणीची अडचण आगीच्या स्वभावातच आहे. ढीग दहा मिनिटांत जळून जातो, निरीक्षक येईपर्यंत राख उरते आणि राखेवर कोणाचे नाव नसते. मुंबईत तक्रारीसाठी 1916 हा क्रमांक आहे, नागपुरात उपद्रव शोध पथक आहे, परंतु रात्री अकरानंतर आणि पहाटे सहापूर्वी, म्हणजे जाळणाऱ्याच्या नेमक्या सोयीच्या वेळी, या यंत्रणांचे हात तोकडे पडतात. म्हणून एकट्या आगीचा माग काढण्यापेक्षा ती जिथे वारंवार लागते त्या जागांची नोंद ठेवणे अधिक फलदायी ठरते, कारण अशा जागा थोड्या असतात आणि त्या बहुतेक वेळा संकलनाच्या मार्गावरून सुटलेल्या जागाच असतात.

होळी, होमहवन आणि अंत्यसंस्कार यांची आग या ग्रंथाच्या कक्षेत फार थोडी येते. कचऱ्याविषयीचे नियम त्यांना उद्देशून नाहीत. होळीत हिरवे झाड तोडून घातले तर वृक्षसंरक्षणाचा, आणि टायर वा प्लास्टिक घातले तर कचरा जाळण्याचा नियम लागू होतो, एवढाच फरक लक्षात ठेवला की वाद उरत नाही.

शेकोटीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. डिसेंबर-जानेवारीत इमारतीच्या फाटकाशी रात्रभर बसणारा पहारेकरी बांधकामाच्या फळ्या, खोकी आणि हाताला लागेल ते जाळतो, कारण त्याला ऊब हवी असते आणि ती देण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नसते. दिल्लीत हवा बिघडल्यावर लागू होणाऱ्या टप्पेनिहाय कृती आराखड्यात रहिवासी संघांनी पहारेकऱ्यांना व सफाई कामगारांना विजेचे हीटर पुरवावेत, म्हणजे त्यांना उघड्यावर जाळावे लागणार नाही, असे म्हटलेले आहे. महाराष्ट्रातील उपविधींत जाळणाऱ्याच्या नावापुढे दंडाची रक्कम असते. त्याला कामावर ठेवणाऱ्या सोसायटीच्या नावापुढेही, बंद खिडक्यांची चौकी, जाड घोंगडी आणि विजेची जोडणी अशी एक ओळ लिहिता येईल.